वरच्या सुरांच्या नख्या

मी हार्पसिकॉर्ड बोलतोय. पियानो नव्हे. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण माझ्या खोलीत येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस दारातूनच विचारतो, "अरे वा, हा पियानो कधी घेतला?" आणि मग माझा सगळा दिवस खराब जातो.

दिसायला आम्ही चुलतभाऊ, हे मला कबूल आहे. पट्ट्या तशाच ओळीने मांडलेल्या, पोट तसंच एका बाजूला निमुळतं होत गेलेलं. पण पियानोच्या पोटात हातोड्या असतात आणि त्या तारांना मारतात. माझ्या पोटात कोणी कोणाला मारत नाही. तुम्ही पट्टी दाबलीत की तिच्या आतल्या टोकावर उभी असलेली लाकडी कांडी वर उसळते. कांडीच्या शेंड्याला एक नखी असते, पक्ष्याच्या पिसाच्या दांडीतून कापलेली, नखाच्या कडेएवढी. ती जाता जाता तारेला छेडते आणि पुढे निघून जाते. तोच माझा सूर. तुम्ही पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, मी तेवढ्याच आवाजात बोलतो. दरडावलं म्हणून माझा आवाज चढत नाही. पुष्कळांना हे झेपत नाही.

आणि मला स्वस्थता नाही. माझ्या अंगावर तारांची रांगच्या रांग ताणून बांधलेली आहे. मी रिकामा उभा असलो तरी त्या मला ओढतच असतात. हवा दमट झाली की माझं लाकूड फुगतं, कोरडी झाली की आखडतं. सकाळी सुरात असलेला मी दुपारी कुरकुरायला लागतो. या स्वभावाला औषध नाही. त्यामुळे माझी गोष्ट ऐकताना मी मध्येच घाई केली, चिडचिड केली, तर मनावर घेऊ नका.

एका गल्लीच्या टोकाला एक लांबट खोली आहे. खाली कारखाना, वर राहतं घर. तिथे माझा जन्म झाला. भिंतीवर रंधे, पटाशा, करवती टांगलेल्या, जमिनीवर नेहमी भुश्शाचा थर, आणि कोपऱ्यात एक शेगडी. त्या शेगडीवर आळीपाळीने सरस तापायचा आणि चहा व्हायचा. मला बनवणारे कारागीर त्या गल्लीत कोणाचे काका, कोणाचे आजोबा होते. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. मलाही त्यांनीच जन्म दिला, माझा तेवढा हक्क आहे.

मुलीचं नाव चिमणी. लहानपणी दिवसभर चिवचिवाट करायची म्हणून बाबांनी ठेवलेलं. आता तिच्या केसात पांढरी बट आली होती, चष्मा लागला होता, तरी नाव तेच. ती तारा ओढायची, खुंट्या बसवायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, सामान आणायची. फक्त एका कामाला तिने हात लावायचा नाही, असा घरचा कायदा होता. ते काम म्हणजे नख्या तासणं.

"लाकूड काय, कोणीही तासेल," बाबा म्हणायचे. "पण नखी तासली की वाद्याला गळा फुटतो. ते हाताचं काम नाही. कानाचं आहे."

नखी जाड राहिली तर सूर टोचतो. पातळ झाली तर सूर मिणमिणतो. आणखी पातळ झाली तर ती तारेला नुसती चाटून जाते आणि काहीच वाजत नाही. या सगळ्यातला फरक केसाएवढा. बाबा एकेक नखी चिमुकल्या लाकडी ठोकळ्यावर धरायचे, पातीने एकच वार करायचे, कांडी जागेवर सोडायचे, पट्टी दाबायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. माझ्या खालच्या सुरांच्या नख्या अशाच झाल्या. मला आठवतं, तेव्हा खोलीत भुश्शाचा कणसुद्धा हलत नसे.

काम माझ्या वरच्या सुरांपर्यंत पोचलं तेव्हा एक दिवस शेगडीवरच्या किटलीची शिट्टी वाजायला लागली. ती किटली बारीक, उंच, कान किटवणारी शिट्टी घालायची. बाबा तिच्या शेजारीच बसले होते. शिट्टी वाजत राहिली, झाकण थडथडायला लागलं, पाणी उतू जाऊन शेगडी फुसफुसली. तेव्हा कुठे बाबांनी वळून बघितलं.

"चिमणे, ही किटली शिट्टी का देत नाही? बिघडली वाटतं."

चिमणी दारात उभी होती. तिने शिट्टी ऐकली होती. तिने बाबांकडे बघितलं, किटलीकडे बघितलं, आणि म्हणाली, "हो, जुनी झालीय. बघते मी."

त्या दिवसापासून घरात एक चोरटं काम सुरू झालं. बाबा सकाळी माझ्या वरच्या सुरांच्या नख्या तासायचे. डोळे मिटायचे, मान डोलवायचे. दुपारी जेवून ते वर आडवे झाले की चिमणी चपला काढून खाली यायची, त्याच कांड्या उपसून त्याच नख्या पुन्हा तासायची. जिथे फार तासलं गेलं असेल तिथे नवीन बसवायची. सुरुवातीला पुष्कळ नख्या फुकट जायच्या. नंतर जाईनाशा झाल्या. जिना वाजला की ती पाती खिशात टाकून झाडू हातात घ्यायची. अशा झाडण्याने ती खोली इतकी स्वच्छ झाली की बाबा एकदा म्हणाले, "हल्ली तुला साफसफाईचं काय वेड लागलंय?"

मी दोघांच्या मध्ये. एकाला वाटायचं गळा मी दिला, दुसरीला ठाऊक होतं कोणी दिला. माझ्या तारा उगाचच उतरायच्या. चिमणी म्हणायची हवा बदलली. हवेचं नव्हतं ते.

मी तयार झालो आणि गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक म्हणजे एक कॉलेज. कॉलेजच्या संगीत विभागाच्या प्रमुख बाई, आणि त्यांच्यासोबत प्राचार्य.

बाईंना विद्यार्थी घाईबाई म्हणत, आणि त्या दारातून आत आल्या तेव्हाच मला कळलं का ते. पर्स एका खुर्चीवर, ओढणी दुसऱ्या खुर्चीवर, आणि स्वतः थेट माझ्या पोटाखाली. जमिनीवर आडव्या पडून त्यांनी माझ्या तळाच्या फळीवर बोटांनी टकटक केलं.

"बाई, तुम्ही आधी चहा..." चिमणी म्हणाली.

"चहा नंतर. चार ठिकाणी चहा प्यायलेय, वाद्य एकही धड नव्हतं." आवाज खालून आला.

त्यांची कहाणी त्यांनी खालूनच सांगितली. त्यांच्या विभागात विजेवर चालणारा एक कीबोर्ड होता. त्याच्यावर एक बटण दाबलं की माझ्या आवाजाची नक्कल निघायची. त्या नकलेवर वर्षानुवर्षं पोरं शिकली. "म्हणजे विहिरीचा फोटो दाखवून पोहायला शिकवण्यातली गत आहे," त्या म्हणाल्या. कितीदा मागणी केली, कितीदा नकार आला. आता कुठे मंजुरी मिळाली होती, तीही या वर्षापुरती. खरेदी झाली नाही तर मंजुरी परत जाणार आणि त्या खोलीत परीक्षा विभागाची कपाटं येणार.

प्राचार्य तोवर खिशातून मोजपट्टी काढून माझी रुंदी घेत होते. भला माणूस. गणिताचा. संगीतातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं त्यांनी आल्या आल्या हसत सांगून टाकलं होतं. त्यांना दोनच काळज्या होत्या. मी खोलीच्या दारातून आत जाईन की नाही, आणि शहरातल्या दुकानात असलेलं ते चकचकीत, कारखान्यात बनलेलं वाद्य सोडून माझ्यामागे का लागायचं.

"त्याला पॉलिश केवढं छान आहे," ते म्हणाले. "आणि याच्या नख्या पिसांच्या? म्हणजे उद्या तुटली तर आम्ही काय पक्षी शोधत हिंडायचं का?"

बाबा हसले. "तुटू देत हो. आम्ही आहोत ना."

मग घाईबाई वाजवायला बसल्या. एकदम बदलल्या. मघापासून एका जागी न ठरणारी बाई अशी निवांत झाली की चिमणीने हातातला कप खाली ठेवला. त्यांनी खालून सुरुवात केली, हळूहळू वर गेल्या, परत आल्या. मी पहिल्यांदाच कोणा परक्याच्या हाताखाली बोलत होतो. काय बोलत होतो ते मलाही नवीन होतं.

त्या थांबल्या. "वरचे सूर काय सुरेख आहेत," त्या बाबांना म्हणाल्या. "काचेवर थेंब पडावेत तसे. नख्या तुम्हीच तासता?"

"चाळीस वर्षं," बाबा म्हणाले.

चिमणी खिडकीबाहेर बघायला लागली.

"फक्त हा एक," घाईबाईंनी वरची एक पट्टी दाबली. पुन्हा दाबली. "हा एक टोचतोय. बाकीच्यांच्या ओळीत बसत नाही. एवढी नखी जराशी तासून द्याल? आत्ताच?"

"त्यात काय!" बाबांनी पाती घेतली, कांडी उपसली, नखी ठोकळ्यावर धरली. एक वार. कांडी जागेवर. पट्टी दाबली. डोळे मिटून मान डोलवली. "झालं."

घाईबाईंनी वाजवून बघितलं. "अजून टोचतोय, काका."

दुसरा वार. "आता?"

"किंचित अजून."

मला हे असह्य होत होतं. बाबांना त्या सुरातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांच्यापर्यंत पोचत होती ती फक्त लाकडावर लाकूड आपटल्याची टकटक. तरी ते डोळे मिटत होते, ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना, खराखुरा आनंद होता. आठवणीतला सूर ते ऐकत होते. चिमणी एक पाऊल पुढे आली, थांबली.

तिसरा वार जरा खोल गेला. कांडी जागेवर गेली. बाबांनी पट्टी दाबली. नखी तारेला नुसती चाटून गेली. टक्. बस.

"आता बघा," बाबा म्हणाले, "कसा गोड झाला!"

घाईबाईंनी मान खाली घातली. त्या माणसाचं मन मोडणं त्यांच्याच्याने होईना. चिमणीचा हात तोंडावर. आणि प्राचार्य, ज्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, ते अगदी निर्मळ मनाने म्हणाले, "पण आवाजच येत नाहीये."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग पट्टी दाबली. मग शेजारची दाबली. पुन्हा पहिली.

"नखी मोडली असेल, बाबा," चिमणी घाईने म्हणाली. "सरका, मी बदलते." आणि तिने बदलली. कांडी उपसली, जुनी नखी ढकलून काढली, नवीन खोवली, ठोकळ्यावर धरून एक वार, उलटीकडून एक हलका वार, कांडी जागेवर. तिने पट्टी दाबली आणि घाईबाईंनी झटकन मान वर केली. सूर ओळीत बसला होता.

बाबांनी सूर ऐकला नाही. पण त्यांनी तिचे हात बघितले. पहिल्यांदा करणाऱ्याचे हात असे चालत नाहीत, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय, बाबा?"

"कधीपासून, चिमणे?"

तिने पाती ठोकळ्यावर ठेवली. मग म्हणाली, "किटली बिघडली नव्हती, बाबा."

बाबांनी अंगावरचा कामाचा डगला काढला, नीट घडी केला, माझ्या झाकणावर ठेवला. "हे वाद्य विकायचं नाही," ते म्हणाले, आणि जिना चढून वर गेले.

प्राचार्यांना काही उमगलं नाही. "माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं. घाईबाई त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या. खिडकीतून मला दिसत होतं. त्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होत्या आणि प्राचार्य मोजपट्टी हातात धरून बाजूला उभे होते. जाताना त्या दारात पुन्हा आल्या.

"मला हेच हवंय," त्या चिमणीला म्हणाल्या. "पण त्यांना दुखवून नको. मी फोनची वाट बघते. फार वाट बघता येणार नाही हो, नाहीतर कपाटं येतील."

पुढचे दिवस फार वाईट गेले. बाबा खाली उतरलेच नाहीत. वर बापलेकीचं बोलणं होत होतं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. ताटं वाजायची तेवढी ऐकू यायची. मी न विकलेला, न वाजवलेला, झाकणावर एक घडी केलेला डगला घेऊन उभा. माझी एक तार या काळात तुटली. बसल्या जागी, कोणी हात न लावता. चिमणीने ती त्याच संध्याकाळी बदलली.

मग एका सकाळी चिमणी बाजारात गेल्यावर बाबा खाली आले. त्यांनी डगला अंगावर चढवला. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि अगदी खालची पट्टी दाबली. ऐकली. मग तिच्या वरची. मग तिच्या वरची. एकही न गाळता ते वर वर येत राहिले. मध्यापर्यंत त्यांचा चेहरा शांत होता. पुढे ते वाकायला लागले. आणखी पुढे त्यांनी कान जवळजवळ माझ्या तारांना लावला. एका पट्टीवर ते थांबले. दाबली. पुन्हा दाबली. तिच्या वरची दाबली. टक्. खालची दाबली, होता सूर. वरची, टक्.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. पट्टीच्या आतल्या, कोणाला न दिसणाऱ्या भागावर एक बारीक रेघ मारली.

"इथवर मी," ते म्हणाले. कोणाला म्हणाले, तर मलाच. दुसरं होतं कोण?

चिमणी पिशव्या घेऊन आत आली आणि त्यांना तिथे बसलेलं बघून दारातच थबकली.

"वरचं सगळं तुझं?" त्यांनी पाठ न वळवता विचारलं.

"हो, बाबा."

"सगळ्या नख्या?"

"हो."

"बऱ्या आहेत का?"

"मला वाटतं बऱ्या आहेत."

"वाटतं काय, वाटतं? त्या बाई एवढ्या खोडी काढणाऱ्या. त्यांनी नावं ठेवली का कशाला? एका सुराला ठेवली फक्त." ते वळले. "तो एक कसा काय राहिला तुझ्याच्याने?"

चिमणीने पिशव्या खाली ठेवल्या. "तो एक तुमचा होता, बाबा. बाई आल्या त्या दिवशी सकाळी तुम्ही शेवटचा हात म्हणून तासलात. मला पुन्हा करायला वेळ मिळाला नाही."

मला वाटलं आता संपलं. बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या हनुवटीखालची शीर हलली. मग त्यांच्या पोटातून कुठूनतरी एक हसू निघालं, आधी खोकल्यासारखं, मग थांबेचना. चिमणीही हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. बाबांनी तिला बाकावर बसवलं आणि आपल्या डगल्याच्या टोकाने तिचा चष्मा पुसून दिला.

"मला सांगायचं नाहीस होय गं?"

"काय सांगू? तुम्हीच म्हणायचा, हे कानाचं काम आहे म्हणून."

"मग?" बाबा म्हणाले. "कान आहेत ना तुला."

कॉलेजात काय झालं ते घाईबाईंच्या तोंडून नंतर कळलं. त्यांना वाटलं होतं प्राचार्य आता दुकानातलं चकचकीत वाद्यच घेणार. त्या भांडायची सगळी तयारी करून त्यांच्या खोलीत शिरल्या. पण प्राचार्य म्हणाले, "बाई, दुकानातल्या वाद्यावर तुम्ही तासभर वाजवलंत. मला ते चांगलं आहे की वाईट आहे तेही कळलं नाही. इथे एकच सूर गेला, तर माझ्यासारख्याला कळलं की गेला. तेच घेऊ या."

चिमणीने फोन केला, ते दोघं पुन्हा आले, आणि बाबांनी विकताना एक अट घातली. "देखभालीला माझी मुलगी येईल. मी नाही. कारण विचारू नका. तुम्ही दोघांनी बघितलंय ते." हे ते ताठ मानेने बोलले.

मला नेलं त्या दिवशी माझे पाय काढले, मला आडवं करून घोंगड्यात गुंडाळलं आणि टेम्पोत चढवलं. रस्ताभर माझ्या तारा एकमेकींवर बडबडत होत्या. कॉलेजच्या जिन्यात हमालांनी मला दोनदा खाली ठेवलं, दोनदा माझ्या वजनाचा उद्धार केला. दारातून मी आत गेलो, पण दोन्ही बाजूंना फक्त बोट शिरेल एवढीच जागा उरली. प्राचार्य स्वतः उभे होते, मोजपट्टी घेऊन.

तिथे माझं खरं आयुष्य सुरू झालं, आणि ते मुळीच शांत नव्हतं. सकाळपासून पोरापोरींची रांग. ही वाजवतेय तोवर तो दारात घड्याळ बघतोय. त्यातली एक मुलगी पियानो शिकून आलेली. बोटं काय, कांडप यंत्र! घाईबाईंनी तिचं नावच हातोडी ठेवलं. ती पट्ट्या आपटायची आणि मी आवाज चढवायचा नाही. ती चिडायची. एकदा म्हणाली, "बाई, हे वाद्य माझं ऐकतच नाही."

"तू त्याचं ऐकतेस का?" घाईबाई म्हणाल्या आणि पुढच्या वर्गाला पळाल्या.

नख्या तुटायच्या. सारख्या तुटायच्या. चिमणी पिसांची डबी घेऊन यायची, तिच्याभोवती मुलं गोळा व्हायची. हातोडी तिच्या अगदी कोपराशी येऊन बसायची. घरी गेल्यावर बाबा चिमणीला म्हणे पहिला प्रश्न तोच विचारायचे, किती तुटल्या? आकडा मोठा असला की जेवण चांगलं जायचं त्यांना.

पण घाईबाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशीही त्या धावतच आल्या, माझ्यावर एक लहानसा तुकडा वाजवला, आणि पर्स खोलीतच विसरून गेल्या.

त्यांच्या जागी आलेले सर वाईट नव्हते. उलट त्यांना माझी किंमत फार. इतकी, की त्यांनी माझ्यावर जाड कापड घातलं, झाकणाला कुलूप लावलं आणि भिंतीवर पाटी लावली, 'परवानगीशिवाय हात लावू नये'. परवानगी कोणी मागेना. पाहुणे आले की कापड निघायचं. पाहुणे म्हणायचे, "वा, पियानो!"

अंधारात उभं राहणं कसं असतं ते सांगता येणार नाही. तारा तर ओढतच असतात. पण कशासाठी ओढतायत तेच कळेनासं होतं. मी सुरातून उतरलो आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

चिमणी आली. कापड काढलं, कुलूप उघडवलं, एकेक कांडी वर काढून बघितली. एकही नखी झिजलेली नव्हती. तिने मला सुरात लावलं आणि डबी न उघडताच परत नेली. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळी तिच्याबरोबर बाबा आले.

पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. त्यांनी पाटी वाचली. चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचली. मग माझ्यावरचं कापड ओढून काढलं आणि ते गोळा करून कोपऱ्यात टाकलं. चिमणीने किल्ली मागून आणली आणि कुलूप उघडलं. बाहेरच्या व्हरांड्यातून हातोडी चालली होती. हातात वह्या, शेवटचं वर्ष.

"ए मुली," बाबांनी हाक मारली. "इकडे ये. वाजवता येतं ना? बस."

"आजोबा, परवानगी नाहीये."

"हे मी बनवलंय. मी देतो परवानगी."

हातोडी बसली. किती दिवसांनी बसली होती! सुरुवातीला तिची बोटं चाचरली. मग आठवलं त्यांना. माझं ऐकायला तिने सुरुवात केली होती, घाईबाई गेल्या त्याच्या आधीच, आणि कोणाला ते दाखवायची संधीच मिळाली नव्हती. बाबांनी माझ्या कडेवर तळहात ठेवला. चिमणी खिडकीशी उभी राहिली. दारात माणसं जमायला लागली, आणि त्यांच्या मागे ते नवे सर येऊन थांबले. त्यांच्या कपाळावर आठी होती.

हातोडीला तिच्या सुरांनीच पुढे ओढलं. तिने वेग घेतला. आणि माझ्या मधल्या सुरांत, अगदी मध्ये, कट्कन एक नखी तुटली.

हातोडीने हात वर घेतले. "सर, मी मुद्दाम नाही..."

"चिमणे!" बाबा ओरडले. "तुटली! मला ऐकू आलं. तुटली!"

सगळ्या खोलीला तो आनंद कशाचा ते कळेना. सर पुढे आले. "अहो काका, तुटली म्हणजे आता नुकसान..."

"तुटण्यासाठीच असते हो ती," बाबा म्हणाले. "तुम्ही जपताय, चांगली गोष्ट आहे. पण हे न वाजवता जपलं तर आतल्या आत मरतं. नख्या करायला ही आहे ना." त्यांनी चिमणीच्या खांद्यावर हात ठेवला. "वरच्या सगळ्या हिच्याच आहेत. माझ्याहून चांगल्या. खालच्याही हळूहळू हिच्याच होतील."

मुलांसमोर, परक्यांसमोर ते हे पहिल्यांदाच बोलत होते. चिमणीने डबी उघडली, पीस काढलं आणि हातोडीला म्हणाली, "धर ठोकळा. नुसता धर, हलू नकोस."

सरांनी त्या दिवशी पाटी काढली नाही. दोन दिवसांनी काढली. कुलपाची किल्ली आता दाराजवळच्या खिळ्याला असते, हवी त्याने घ्यावी. हातोडी शिकून गेली. आता आठवड्यातून एकदा शिकवायला येते. बाबांच्याने जिना चढवत नाही. चिमणी येते, काम करते, खिडकी लावून घेते आणि जाता जाता माझ्या कडेवर एक थाप मारते.

मी अजून अस्वस्थच आहे. आत्ता हे सांगतानासुद्धा माझी एक खुंटी सैल होतेय, मला जाणवतंय. पण रिकामं उभं राहण्याची ती अस्वस्थता वेगळी होती आणि ही वेगळी. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझ्यासारखं काही तुमच्या खोलीत, तुमच्या शाळेत, तुमच्या घरात कापडाखाली उभं असेल, तर ते कापड काढा. येत नसलं तरी वाजवा. चुकीचं वाजवा. मोडलं तर दुरुस्त करणारा माणूस शोधा. तोही कुठेतरी वाट बघत बसलेला असतो.

आणि इकडे आलात तर वरच्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला या. किल्ली खिळ्याला आहे. पियानो म्हणालात तरी एक वेळ चालेल. बसा मात्र.